तिसऱ्या सिस्टिमची शपथ

पाणीपुरवठा कार्यालयातल्या नव्या कॉम्प्युटरसाठी तीन ऑपरेटिंग सिस्टिम मुलाखतीला आल्या, त्या सकाळच्या एसटीने. व्हरांड्यातल्या बाकावर त्या मांडीवर जेवणाचे डबे घेऊन बसल्या.

चौगुलेसाहेबांना सुरक्षित सिस्टिम हवी होती. आता सुरक्षितता पारखायची, तर प्रत्येकीला एक गुपित सांगायचं आणि दुपारपर्यंत वाट बघायची. गुपित खरंच लागतं. खोटं त्या ताबडतोब ओळखतात. ऑफिसात कुणाच्याच तोंडात तीळ भिजत नसल्यामुळे शिल्लक गुपित हेडक्लार्क आचरेकरबाईंकडे तेवढं निघालं.

बाईंनी मालवणला बदली मागितली होती. लग्नापासून यजमान तिकडे आणि बाई इकडे. काम होईपर्यंत बोललं की दृष्ट लागते, म्हणून त्या गप्प होत्या. पण ऑफिसचं काम म्हटल्यावर करतात काय!

पहिलीला सांगून बाई जागेवर येतात, तोच चहावाला रामण्णा म्हणाला, "मालवणला जाताय म्हणे?" दुसरीने गुपित आपल्या हेड ऑफिसला कळवलं, सेवा सुधारण्यासाठी. तिसरीला सांगताना मात्र बाई काकुळतीला आल्या.

"कोणाक सांगू नको गो. मी 'शपथ सुटली' म्हणीपर्यंत तुका माझ्या गळ्याची शपथ."

दुपारी साहेबांनी तिला खोदून खोदून विचारलं.

"कोण आचरेकरबाई?" ती म्हणाली.

तिची नेमणूक झाली. पुढे एके दिवशी यजमानांचा फोन आला, "हंयच्या ऑफिसात म्हणतत, ऑर्डर तुझ्या कॉम्प्युटरवर कधीच इली मगे! तू येतंस कधी?"

बाई धावतच कॉम्प्युटरपाशी गेल्या. "माझी बदलीची ऑर्डर दाखव."

"कसली बदली?"

"अगो, शपथ सुटली!"

"सुटली म्हणणाऱ्या आचरेकरबाईच कशावरून? फक्त त्यांनाच ठाऊक असलेलं काहीतरी सांगा."

"माका घराक जावचा आसा."

"ते रामण्णालाही ठाऊक आहे."

बाईंना रडू कोसळलं. साहेबही हळहळले, पण अशी सिस्टिम साऱ्या जिल्ह्यात नाही, हेही त्यांनी अभिमानाने बोलून दाखवलं.

दुसरं गुपित करायला बाईंना जन्मात सवड झाली नव्हती. आपसूक झालेलं एकच होतं, आणि ते त्यांनी स्वतःशीही कधी उच्चारलं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले, साहेबांना बाहेर जायला सांगितलं आणि कॉम्प्युटरजवळ तोंड नेऊन त्या काहीतरी पुटपुटल्या.

सिस्टिमने बाईंची ओळख मान्य केली. मग म्हणाली, "या आता बाई, सांभाळून जा." आणि प्रिंटर सुरू झाला.

बाई संध्याकाळच्या गाडीने मालवणला गेल्या. त्या काय बोलल्या, हे साहेब आजही रोज ऑफिसात आल्या आल्या विचारतात.

"कोण आचरेकरबाई?" सिस्टिम म्हणते.