उत्क्रांती, मुदत ३१ मार्च

यंदाच्या शैक्षणिक वर्षात जिल्ह्यातली उत्क्रांती पूर्ण करायची, असे वरून ठरले. प्रत्येक शाळेने एका सजीवाची उत्क्रांती घडवावी आणि 'पूर्वी' व 'नंतर' असे दोन फोटो ३१ मार्चच्या आत ॲपवर टाकावेत, असे परिपत्रक निघाले. निसर्गाला कोट्यवधी वर्षे लागली, कारण त्याला कोणी मुदतच घालून दिली नव्हती. जी शाळा चुकेल, तिच्या विज्ञान शिक्षकाची प्रशासकीय कारणास्तव बदली होणार होती.

तीर्थपुरीजवळच्या एका शाळेतले मच्छिंद्र सर हादरले. बायको दैवशाला अंबडला नर्स, लेक अजून पाळण्यात, आणि रिकामी जागा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जाफराबादकडे.

"लई मनावर नका घेऊ," मुख्याध्यापक रामकिसन सर म्हणाले. "शेजारच्या शाळेनं पूर्वी माकड टाकलं अन् नंतर केंद्रप्रमुख. मंजूर झालं."

"मंजूर केलं कुणी?"

"केंद्रप्रमुखानंच. फोटो चांगला आल्ता."

"पण सर, एकटा जीव असा बदलत न्हाई. पिढ्या बदलतात. जो टिकतो त्याचीच पिल्लं मागं राहतात."

"तेच तर सांगून राह्यलो. टिका."

मच्छिंद्र सरांना खरे बोलायची जुनी खोड होती. ते तडक शाळेमागच्या दुर्गाबाईंच्या कपाशीत शिरले. ही कपाशी खाल्ली की बोंडअळी मरते, असे बियाण्याच्या पाकिटावर छापलेले असे. अळीला वाचता येत नसावे. ती बोंडात मजेत बसली होती.

"दुर्गाबाई, बियाण्यासंगं साध्या कपाशीची एक पुडी यायची. ती कडेनं लावत होता का?"

"ती व्हय? बांधावर फेकायचो. अळीला खाऊ घालायला कोण रान राखतं, सर?"

"त्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगल्या असत्या. या निबर अळ्यांशी त्यांची जोडी जमली असती, अन् पिल्लं नरम निपजली असती. साध्या समद्या मेल्या. निबर तेवढ्या उरल्या, अन् त्यांचंच खटलं वाढलं."

"म्हंजी आम्हीच हिला पहिलवान केलं म्हणा की!" दुर्गाबाई पोट धरून हसल्या. मग किडके बोंड तोडून त्यांनी अळीसकट सरांच्या हातात ठेवले.

तपासणीला विस्तार अधिकारी राधेश्याम साहेब आले. सरांनी अळीची बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

"ही 'नंतर'ची झाली. 'पूर्वी'ची अळी कुठंय?"

"मेली, साहेब. ती मेली म्हणूनच ही उरली."

"म्हणजे पूर्वीचा फोटो नाही. आणि ही उत्क्रांती सुरू कधी झाली?"

"लई वर्षं झाली."

"परिपत्रकाच्या आधी? बिलकुल परवानगी न घेता?" साहेबांनी बाटली उजेडात धरून निरखली. "असली अळी आमच्याबी रानात हाये. पुडी आम्हीबी फेकल्ती." मग त्यांचा आवाज पुन्हा कचेरीतला झाला. "नियमबाह्य आहे."

मच्छिंद्र सर जाफराबादकडे गेले. त्यांच्या जागी माकडवाल्या शाळेतले सर आले. त्यांच्या हाताखाली त्यांच्याच वळणाचे दोन नवे शिक्षक चटकन तयार झाले. जिल्ह्याची उत्क्रांती शंभर टक्के झाली आणि सत्कारही झाले.

सर रविवारी एसटीने घरी यायचे. एका रविवारी त्यांनी लेकीला उचलले, तर तिने किंचाळून आईच्या खांद्यात तोंड खुपसले.

"वळखत न्हाई ती तुम्हाला," दैवशाला म्हणाली. सर जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी परिपत्रक पुन्हा निघाले. सरांनी मुदतीच्या आत दोन फोटो टाकले. 'पूर्वी'मध्ये अळीची बाटली हातात धरलेले ते स्वतः, आणि 'नंतर'मध्ये, त्याच दिवशी, बाटली टाकून हात जोडलेले, तेही स्वतःच. एव्हाना जिल्ह्याच्या कचेरीत गेलेल्या राधेश्याम साहेबांनी शेरा मारला, 'बदल स्पष्ट दिसतो. मंजूर.' पाठोपाठ अंबडला बदलीही मिळाली. आता लेक सरांना लांबूनच ओळखते आणि धावत येते.

हसलात? बराबर आहे. तुमचाही एखादा 'पूर्वी'चा फोटो घरात कुठेतरी असेल. काढून बघा. फक्त लेकरांना दाखवू नका, 'हे कोण?' म्हणून विचारतील.