केरबाच्या नातीचा खुराक

दूध घालून झालं तरी दूध संस्थेच्या पायरीवरून कोणी उठत नव्हतं, कारण केरबा आणि तात्यासो यांची जुंपली होती. विषय रोजचाच. बॉक्सिंगात केरबाची नात तेजस्वी मोठी, की शिरोळकडची ऐश्वर्या? तीन आठवड्यांनी कोल्हापुरात राज्याच्या संघाची निवड होती, आणि चौपन्न किलो गटात या दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येणार होत्या.

केरबा हा तालमीच्या मातीत वाढलेला गडी. कान मोडलेले, मान रेड्यासारखी. बॉक्सिंगातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण नातीनं हरियाणाच्या एका पोरीला आडवं केल्यापासून असा बॉक्सर सात तालुक्यांत जन्मला नाही, हे तो छातीवर हात मारून सांगे. ती आत कशी शिरली, पाय धरून पट कसा काढला, याचंही तो रंगवून वर्णन करी. बॉक्सिंगात पट काढला तर बाहेर हाकलतात, हे तात्यासो त्याला रोज सांगत आणि केरबा ते रोज सोडून देई.

तात्यासो संस्थेचे सचिव. ऐश्वर्या ही त्यांच्या धाकट्या बहिणीची, प्रभावतीची नात. त्यामुळं त्यांचा न्याय अगदीच स्वच्छ नव्हता, पण त्यांच्याकडं पुरावा म्हणून मोबाईलवर तिच्या लढती होत्या.

"हात बघा हिचा," ते पडदा सगळ्यांपुढं फिरवत म्हणाले. "हात न्हवं, आंबं पाडायची काठी हाय. तुमची तेजस्वी चपळ हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पण अंगावर मांस कुठाय, केरबा? ऐश्वर्यानं नुसती फुंकर मारली तरी गगनबावड्याच्या घाटात जाऊन पडंल."

पायरीवरची सगळी माणसं हसली. केरबा तरुणपणी अनेक कुस्त्या हरला होता, पण त्याला कोणी हसलं नव्हतं. मोकळी किटली घेऊन तो घरी आला तो विचारातच. त्याच्या काळी पैलवानाचं मोठेपण लोक खुराकावरून सांगत. अमका इतकं दूध पितो, तमका इतके बदाम खातो. आणि ही पोर काय खात होती, तर उकडलेले मूग, दोन पातळ चपात्या आणि वाटीभर कच्चा पाला. शेरडासारखा.

त्याच दुपारी केरबानं तिच्या वरणात चमचाभर तूप सोडलं. चमचाभर तुपानं काय होतंय? आता केरबाचा चमचा म्हणजे घरातला वरण वाढायचा डाव होता, ही गोष्ट वेगळी.

तेजस्वीनं आधीच सगळ्यांना दम दिला होता, की माझ्या ताटात कोणी हात घालायचा नाही. त्यामुळं केरबानं हे कोणाला सांगितलं नाही. पण पायरीवरचं बोलणं घरोघर पोचलं होतं. केरबाची बायको अंबूबाई त्याच दिवसापासून भाजीत मूठभर शेंगदाण्याचं कूट घालू लागली, आणि तेजस्वीची आई अनुजा नाचणीच्या आंबिलीत म्हशीची साय घोटू लागली. तिघंही एकमेकांना चोरून. पोरगी मात्र म्हणायची, आईच्या हाताला अलीकडं चव आलीय.

एरवी ती शहरात, क्लबातच वजन करी. पण तिथला काटा पंधरा दिवस दुरुस्तीला गेला होता. खाण्याचा तक्ता पाळला की वजन हलत नाही, या भरवशावर ती निर्धास्त होती. निवडीला पाच दिवस उरले तेव्हा सहज म्हणून ती संस्थेच्या पेंडीच्या काट्यावर उभी राहिली. दूध घालणाऱ्यांची रांग लागलेली. तात्यासोंना आकडे मोठ्यानं वाचायची सवय.

"छप्पन्न पूर्णांक चार," ते म्हणाले.

दुधाचं विचारावं तसं रांगेतून कोणीतरी विचारलं, "फॅट किती लागली?"

पण हसायला कोणी धजलं नाही, कारण तेजस्वीचा चेहरा पांढरा पडला होता. चौपन्नच्या वर एक तोळा जरी भरला तरी तिला रिंगणात पाऊल टाकता येणार नव्हतं. ती घरी आली, तिघांना स्वयंपाकघरात उभं केलं आणि कोणी काय घातलं ते विचारलं. आधी अनुजानं साय कबूल केली. मग अंबूबाईनं कूट. केरबा छताकडं बघत होता.

"आबा?"

"थोडं तूप," केरबा म्हणाला. "वासापुरतं."

अंबूबाईनं बरणी पुढं केली. दोन किलोची बरणी, तळाला गेलेली.

तेजस्वी ओरडली नाही, तेच वाईट झालं. ती शांतपणे म्हणाली, "सुरुवात तुमची, आबा. रविवारी मी वजनात बसले न्हाय, तर माझी दोन वर्षं पाण्यात गेली. मग मी तुमच्याशी कवाच बोलणार न्हाय. आणि तवर बी न्हाय."

पोरगी शब्दाची पक्की होती. तिसरीत पाटी फोडणाऱ्या मैत्रिणीशी ती दहावीपर्यंत बोलली नव्हती. आणि घरात केरबाशी गोड बोलणारं दुसरं होतं कोण? अंबूबाई बोलायची, पण ते बोलणं ऐकण्यापेक्षा पाऊस परवडला.

फोनवर प्रशिक्षकांनी सांगितलं, खाणं निम्मं करा आणि घाम काढा. केरबाला घामाची एकच जागा माहीत होती, ती म्हणजे सयाजीचं गुऱ्हाळ. काहिलीत उसाचा रस उकळतोय, खाली चुलाण धडधडतंय, तिथं नुसतं उभं राहिलं तरी सदरा पिळून निघावा. रोज पळून आल्यावर तेजस्वी अंगात दोन स्वेटर घालून काहिलीशेजारी दोरीवरच्या उड्या मारू लागली. केरबा तिच्या राखणीला.

अडचण एकच होती. गुऱ्हाळावर आलेलं माणूस कोरड्या तोंडानं परत जात नाही, अशी रीत. सयाजीनं पहिल्याच दिवशी रसाचे दोन तांबे पुढं केले. मागोमाग वाटीभर काकवी आणि पळसाच्या पानावर गरम गूळ. केरबानं हात जोडले, पोरीला चालत न्हाय म्हणाला. सयाजीचं तोंड पडलं.

"माझ्या दारात आलेली वाघीण उपाशी जायची म्हंजी माझ्या गुळाला काय चव राहिली?"

आता त्याला दुखवावं तर चुलाण गेलं, आणि पोरीला पाजावं तर वजन गेलं. केरबानं मधला मार्ग काढला. आधी स्वतःचा तांब्या प्याला, मग नातीचा. स्वतःची काकवी खाल्ली, मग नातीची. चार दिवस हेच चाललं. पोरगी घाम गाळत होती आणि आजोबा तिच्या वाटणीचं गोड गिळत होता.

काट्यावरचा आकडा रोज उतरत गेला. शनिवारी तात्यासोंनी वाचलं, "त्रेपन्न पूर्णांक नऊ." मग त्यांना काय हुक्की आली कोण जाणे, त्यांनी केरबालाही काट्यावर चढवलं. मागच्या खेपेपेक्षा तो अडीच किलोनं वाढला होता.

"म्हंजी घराण्याचं वजन घराण्यातच हाय की," तात्यासो म्हणाले. तेजस्वीला हसू आलं, पण तिनं ते तोंडातच दाबलं. रविवार अजून उजाडायचा होता.

रविवारी सकाळी कोल्हापुरात वजनं झाली. तेजस्वी काट्यावर चढली आणि केरबानं डोळे मिटून घेतले. त्रेपन्न पूर्णांक नऊ. त्यानं डोळे उघडले, तोवर ऐश्वर्या चढली होती.

चौपन्न पूर्णांक तीन.

कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली प्रभावती पदराआडून आपल्या भावाकडं, तात्यासोंकडं बघत होती.

"अण्णा, तूच फोन केलावतास न्हवं? केरबाच्या घरात खुराक चालू झालाय, पोरगी छप्पन्नवर गेलीया, तू बी हिचं जरा बघ म्हणून."

"मी म्हंजी आपलं सहज..." तात्यासो म्हणाले.

"मी चार दिवस बासुंदी चारली तिला. वाडीस्नं आणून."

अधिकाऱ्यांनी सांगितलं, तासाभराची मुदत आहे. तेवढ्यात वजन उतरलं नाही तर तेजस्वी न लढता विजयी. हे ऐकल्याबरोबर केरबानं तिथंच मांडीवर शड्डू ठोकला. शिपायानं त्याला बाहेर काढलं. मागोमाग तेजस्वी बाहेर आली.

"आबा, घोंगडं द्या."

पोरगी बोलली. केरबाचा जीव भांड्यात पडला. त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढून पुढंही केलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हिला तर थंडी वाजत नाहीय. तिच्यामागं ऐश्वर्या उभी होती, डोळे पुसत.

केरबानं घोंगडं मागं ओढलं. "अगं, बसल्या जागी जिंकलीस की."

"बसल्या जागी जिंकायला मी काय ग्रामपंचायतीला उभी हाय का? द्या हिकडं. आणि ऐका, न्हाय दिलंसा तर..."

पुढचं ऐकायची वेळ केरबानं येऊ दिली नाही. ऐश्वर्याला घोंगड्यात गुंडाळून तेजस्वी मैदानाला फेऱ्या मारू लागली. पुढं नात, मागं नातीची वैरीण, आणि कडेला उभा राहून केरबा आपल्याच घोंगड्याला शिव्या देत होता. पन्नास मिनिटांनी ऐश्वर्या पुन्हा काट्यावर चढली आणि वजनात बसली.

लढत तीनला होती. अडीच वाजता केरबा आणि तात्यासो समोरच्या टपरीवर चहाला गेले आणि जुन्याच वादाला नवं तोंड फुटलं. वैरिणीला घोंगडं देणारी मोठी, की तासाभरात तीनशे ग्रॅम उतरवणारी मोठी? ऐन रंगात आले असताना कर्ण्यावरून दोघींची नावं पुकारली. तात्यासो अर्धे उठले. केरबानं त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

"बसा वो. मोठी जोड हाय. आधी सलामी, मग खडाखडी. अर्धा तास तर नुसती एकमेकीला जोखतील."

"मोबाईलवर तर दोनच मिनिटांचं असतंय."

"ते कापून दाखवत्यात."

तात्यासोंना हे पटलं. आणखी दोन चहा आले.

ते आत गेले तेव्हा रिंगणात दोन भलतेच गडी खेळत होते. तेजस्वी आणि ऐश्वर्या पायरीवर बसून एकाच डब्यातले धपाटे खात होत्या. एकीचा डोळा सुजलेला, दुसरीच्या नाकात कापूस. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या केव्हाच संपल्या होत्या.

"आबा, मीच," तेजस्वी भरल्या तोंडानं म्हणाली. "पाचांतल्या तीन पंचांनी मला दिली. शेवटची फेरी बघितलासा न्हवं?"

केरबानं तात्यासोंकडं पाहिलं. तात्यासोंनी केरबाकडं.

"बघितली की," केरबा म्हणाला.

"म्या बी," तात्यासो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पायरीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. केरबानं पहिल्या सलामीपासून लढत सांगायला घेतली. पोरगी अशी वाकली, तशी शिरली, असा ठोसा हाणला. आणि गावानं आयुष्यात न पाहिलेली गोष्ट पाहिली. केरबाच्या प्रत्येक वाक्याला तात्यासो मान हलवत होते. त्यांच्या घरची पोरगी हरली, तरी एका शब्दानं आडवे आले नाहीत. लोकांना वाटलं, माणूस म्हातारपणी निवळला.

मग सयाजीनं साधाच प्रश्न विचारला. "शेवटचा ठोसा कुठल्या हाताचा?"

"डाव्या," केरबा म्हणाला.

"उजव्या," तात्यासो त्याच दमात म्हणाले.

तेवढ्यात दुधाची किटली घेऊन तेजस्वी आली. सयाजी म्हणाला, "आता हिलाच विचारू. तूच सांग गं, तुझा आजा खरा का तात्यासो?"

तेजस्वीनं आजोबाकडं पाहिलं. गुऱ्हाळावर फुटला नसेल असा घाम त्याच्या कपाळावर फुटला होता. काल शेवटच्या फेरीत प्रभावतीशेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, हे तिनं सुजल्या डोळ्यानंही पाहिलं होतं. तिनं किटली काट्यावर ठेवली, आजोबाच्या खांद्यावर ते घोंगडं नीट केलं, आणि काहीच बोलली नाही.

तिचं न बोलणं केरबाला इतकं गोड कधी लागलं नव्हतं. तात्यासोंनी तर घाईघाईनं वही ओढली आणि दुधाची फॅट मोठ्यानं वाचून टाकली, "सात पूर्णांक दोन." किटलीचं झाकण अजून निघायचं होतं.