ताईशी बोलणं रिन्यू

मोठ्यांच्या इंग्रजीच्या वर्गात सरांनी रिन्यू, म्हणजे पुन्हा नव्याने सुरू करणं, हे क्रियापद शिकवलं. लायसन रिन्यू होतं, लायब्ररीतलं पुस्तक रिन्यू होतं, तुटलेली मैत्री रिन्यू होते आणि थांबलेला हल्लासुद्धा! मग प्रत्येकाने काहीतरी रिन्यू करून यायचं, असा गृहपाठ दिला. वर्गातल्या टेलरबाईंचा हात सगळ्यांत आधी वर. "मी माझ्या ताईशी बोलणं रिन्यू करते. त्यात काय एवढं?"

त्यात बरंच काही होतं. ताई म्हणाली होती, ड्रेसची बाही घट्ट शिवलीस. टेलरबाई म्हणाल्या होत्या, बाही आहे तेवढीच आहे, दंड वाढलाय. झालं! तेव्हापासून बोलचाल बंद. पण ताईशिवाय बाईंना करमेना. मनातलं सांगायचं तरी कोणाला? शेवटी त्यांनी ताईसाठी नवा ड्रेस शिवला. माप मात्र जुनंच ठेवलं. वाढवलं असतं तर ताई पुन्हा भडकली असती ना!

ताईने दार उघडलं, ड्रेस पाहिला आणि तिचा निम्मा राग तिथेच उतरला. ती लगेच घालायला गेली. हात वर गेले, डोकं आत गेलं आणि ड्रेस खांद्यांवर ठाण मांडून बसला. वर जाईना की खाली येईना! बाई ओढायला धावल्या, तर आतून ताईने तोफ डागली, की मुद्दाम घट्ट शिवलास. बाईही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. मुद्दाम कशाला शिवू, म्हणाल्या, इथे माझ्या कापडाचा जीव चाललाय. हल्ला अगदी सरांनी सांगितल्यासारखा रिन्यू झाला! त्या ओढाताणीत ताईचा पाय चटईत अडकला आणि दोघी धाडकन पलंगावर पडल्या.

संपलं, आता ताई कायमची तुटली, असं वाटून बाईंना रडूच कोसळलं. तेवढ्यात कापडातून आवाज आला.

"रडतेस काय अशी? कात्री लाव. पण मापाबद्दल चकार शब्द काढू नकोस."

बाईंना रडता रडता हसू फुटलं. कापडाच्या आत ताईही खुसुखुसु हसायला लागली. बाईंनी आपल्याच हातची शिवण टराटरा उसवली. लालबुंद ताई बाहेर आली आणि तिने बाईंना कडकडून मिठी मारली. हुश्श! बाईंचा जीव भांड्यात पडला.

मग ताईने स्वतःहून हात पुढे केला, नीट माप घे म्हणाली. बाईंनी टेप गुंडाळली, तशी ताईने श्वास रोखून दंड आत ओढायचा प्रयत्न केला.

"किती भरला गं?"

"होता तेवढाच आहे," बाई म्हणाल्या आणि उसवलेल्या बाहीवर खडूची खूण गुपचूप दोन बोटं बाहेर केली.