पाठीवरचा सहावा हिस्सा

परभणीहून पोखर्णीला पायी निघालेली शिक्षकांची सहल तासभर अडतीच्या दुकानातून हललीच नाही, कारण हेडमास्तर व्यंकटराव माणसं तोलत होते.

पुण्याच्या शिबिरात त्यांनी नियम ऐकला होता: पाठीवरचं ओझं अंगाच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त नसावं. परभणी येईपर्यंत त्यातलं 'हून जास्त नसावं' वाटेत कुठंतरी गळालं होतं.

कुसुमबाई अठ्ठेचाळीस किलो भरल्या. पिशवी अवघी दोन. आत दशम्या, तांब्या आणि एक नारळ. त्यांचे वडील दर साली पोखर्णीला चालत जाऊन नरसिंहापुढं नारळ फोडत. पौषात ते गेले. यंदाचा नारळ पोचवायचा होता, आणि हे चारचौघांत सांगायचं नव्हतं.

"सहा किलो कमी भरायलंय, बाई. दगड घाला, न्हाईतर घरी जा."

"सर, चालायला हलकंच बरं असतंय की."

"शिबिराला तुमी गेला होता का मी?"

बाईंनी मुकाट्यानं दगड घातले. पोत्याला टेकलेला हमाल आश्रुबा म्हणाला, "सायेब, मी पन्नासाचा अन् पोतं शंभराचं. माझं कसं?"

"तू सहलीला हायस का?"

"न्हाई जी. मी कामाला हाय."

सर स्वतः नव्वद भरले. पंधरा किलो पाठीला लावून ते खात्रीसाठी पुन्हा काट्यावर चढले. एकशेपाच!

"वजन वाढलं की! म्हंजे साडेसतरा पाह्यजेत."

आणखी दगड, पुन्हा काटा, पुन्हा वाढ. जागा पुरेना म्हणून भाकरीचं गाठोडं बाहेर आलं. पाचवीला गणित शिकवणाऱ्या कुसुमबाईंना चूक पहिल्याच खेपेला दिसली होती. पण शिबिराला त्या कुठं गेल्या होत्या?

पहिल्या वळणावर त्यांनी आपले दगड कुणाच्या तरी बांधाला लावून दिले. दशम्या सगळ्यांनी वाटेत वाटून संपवल्या.

सर दुपारी आले ते कडब्याच्या गाडीत आडवे, पिशवी पोटावर. देवळाच्या ओट्यावर त्यांनी घाईनं पिशवी उपडी केली. अठरा किलो दगड. भाकरी परभणीत, काट्याशेजारी.

कुसुमबाईंनी नारळ फोडला. पाणी पायरीवरून ओघळत गेलं. मग सरांच्या पसरलेल्या तळहातावर त्यांनी एक तुकडा ठेवला.

"एवढंच व्हय, बाई?"

"नियमानं, सर," त्या म्हणाल्या. "सहावा हिस्सा."