दावीदतात्यांची मोदकाची खुर्ची

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी विचारायची तर माणूस काय म्हणेल? "इंदापूर लागली का?" असंच ना? आमचे दावीदतात्या म्हणतात, "तिकडची लागली का?" कंट्रोलर नवा असला तर बिचारा विचारतो, "तिकडची म्हणजे कुठली?" मग तात्या नुसती हनुवटी पूर्वेला उडवतात. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, इंदापूरच्या गाड्यांखाली उताणं पडून यांनी नटबोल्ट आवळले, पण त्या गावाचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं. एवढा राग आहे तर तिकडं जाता कशाला, असं मी एकदा विचारलं. "काम हाय," म्हणाले. भांडायलाच जात असणार, असं मी धरून चाललो.

रागाचं कारण आमचे बिशप. आमचा धर्मप्रांत लांबलचक पसरलेला. बिशपसाहेब पुण्याहून सोलापूरकडे निघाले की इंदापूर वाटेत, हायवेवरच लागतं. तिथल्या चर्चमध्ये ते थांबतात. प्रार्थना होते, चहा होतो, फोटो निघतात आणि आमच्या मोबाइलवर येऊन पडतात. बारामती हायवेपासून आत. "आपलं नशीबच बायपासचं, मास्तर," तात्या तो फोटो बोटांनी मोठा करून बघत म्हणतात. फोटोत बिस्किटं कुठली आहेत, हेही ते बघतात.

मास्तर म्हणजे मी. शाळेत इतिहास शिकवतो, चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी आहे, आणि संडे स्कूलच्या मुलांना धर्मप्रांताचा इतिहास सांगायचं काम रीतसर माझ्याकडे आहे. मी फळ्यावर मथळा लिहून मागं वळतो तोवर मुलं तात्यांभोवती जमलेली असतात. मला याचा राग येतो. तात्यांचा इतिहास म्हणजे निव्वळ गाड्यांचा इतिहास.

"पयले सायेब घोड्याचे. गोरे. त्यांचं घोडं तिकडंच दमायचं, म्हणून मुक्काम तिकडं. मग आले मोटारीचे. तीबी तिकडंच गरम व्हायची. मग आपले देशी बिशप आले, जीपचे. ते मात्र बारामतीला येऊन गेले. का? जीपच्या स्प्रिंगचा पाटा तुटला! आमच्या वर्कशॉपला आणली. पाटा मीच बसवला. पण घाईत व्हते, चर्चमधी पाय न्हाय ठेवला."

"तात्या, धर्मप्रांत म्हणजे काय?" एखादं पोर विचारतं.

"डिव्हिजन. आधी मुंबई डिव्हिजनला व्हतो, मग आपली येगळी झाली. बिशप म्हंजी डिव्हिजनचे सायेब, पाळक म्हंजी डेपो मॅनेजर."

"आणि आपण?"

"प्याशिंजर. हात दाखवला की गाडी थांबती. फक्त आपल्याला थांबत न्हाय."

मुलं खिदळतात. परीक्षेत तीच मुलं 'जीपचे बिशप' असं उत्तर लिहितात आणि मला चूक द्यावी की बरोबर, हे कळत नाही.

तात्यांची बायको, मार्थाकाकू, माहेरची इंदापूरची. म्हणजे शत्रू घरातच. आमची भिंतीला भिंत, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. भाजीत मीठ कमी झालं तरी गाडी बिशपांवर जायची. काकू म्हणायच्या, "आमच्या इंदापूरला वेदीपाशी बिशपाची खुर्ची हाय. मखमलीची. तुमच्या बारामतीत हाय का?" आता जुन्या रिवाजाप्रमाणे वेदीशेजारी एक खुर्ची बिशपांसाठी राखलेली असते, तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही. आमच्याकडे ती नव्हती. तात्या मग मीठ न मागता जेवायचे.

काकू गेल्या. जाताना म्हणाल्या, माती माहेरी द्या, आईशेजारी. आम्ही सगळे इंदापूरला गेलो. परतीच्या गाडीत काटेवाडी मागं पडल्यावर तात्या म्हणाले, "जन्म काढला माझ्याकडं. आन शेवटाला गेली तिकडंच." बायको गेलेला माणूस रडतो. तात्या त्या गावावर जळत होते.

त्यानंतर त्यांनी खुर्ची करायला टाकली. काटेवाडीचे सुतार, हात सोन्याचा, पण जन्मभर गणपतीचे चौरंग केलेले. तात्यांनी सांगितलं, पाठीला वर बिशपाची टोपी कोरा. सुतारांनी विचारलं, ती कशी असते? तात्या म्हणाले, "खाली गोल, वर टोक, आन मधी चीर." सुतारांना काय ते समजलं. त्यांनी मन लावून कळ्या पाडल्या, टोक काढलं. खुर्ची घरी आली ती डोक्यावर सुबक, उकडीचा मोदक घेऊन.

मी हसलो. तात्या म्हणाले, "तुमाला टोपी दिसत न्हाय, त्याला म्या काय करू?" रविवारी तिला वेदीशेजारी जागा मिळाली. मखमल नव्हती, तात्यांनी लाल बनातीची गादी शिवून घेतली.

त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. नाताळच्या नाटकात हेरोद राजाला सिंहासन हवं होतं. नाटक मी बसवलेलं. "बाळं मारणारा मानूस बिशपाच्या खुर्चीत?" तात्या आडवे आले. आमचा हेरोद मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गरजला आणि मागचा पाय वाकून पडला. सगळ्यात मोठी टाळी तिथं पडली.

पण खुर्ची रिकामी ती रिकामीच. तात्या दर शनिवारी तिला पुसायचे आणि मला म्हणायचे, "एकदा सायेब बसू द्या मास्तर. एकदाच. मग माझं काय बी म्हणनं न्हाय." मी पत्रं लिहिली. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, हे तालुक्यात माहीत आहे. दर वेळी उत्तर यायचं, वेळेअभावी शक्य नाही, आशीर्वाद आहेत.

या वर्षी नवे बिशप आले आणि पहिला दौरा जाहीर झाला. मोठ्या झालेल्या मुलांच्या डोक्यावर बिशपांनी हात ठेवायचा तो दृढीकरणाचा विधी, रविवारी, इंदापूरला. तात्यांनी ते वाचलं आणि चष्मा खाली ठेवला. रविवारी सकाळी पाहतो तर चर्चच्या दारात पांढरी गाडी, आणि बिशपसाहेब उतरतायत! कमिटीतले निम्मे लोक घरी, पाळकसाहेबांच्या हातात अजून झाडू. मी शर्टाची वरची बटणं लावत धावलो.

"भिगवणला रस्ता बंद आहे म्हणे," बिशप म्हणाले. "ड्रायव्हरला फोन आला. म्हणून पाटसवरून आत वळलो."

बिशपांचा ड्रायव्हर आधी एसटीत होता. बारामती डेपोला. मी तात्यांकडे पाहिलं. तात्या आभाळाकडं बघत होते. माझी इतकी पत्रं, आणि याचा एक फोन! त्या क्षणी मला तात्यांचा असा हेवा वाटला की पोटात कळ आली.

बिशप आत आले. तात्यांनी गादी हातानं झाडली. बिशपांनी पाठीवरच्या कळ्यांवरून बोट फिरवलं.

"ही नक्षी कसली?"

"तुमची टोपी, सायेब."

बिशपांनी एकदा मोदकाकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे. "छान आहे. माझी जरा साधीच आहे," म्हणाले, आणि बसले. प्रार्थना केली. आम्ही उभे होतो. मला वाटलं तात्या आता मोबाइल काढतील, फोटो घेतील, इंदापूरच्या सगळ्या मंडळींना पाठवतील. पण ते हात बांधून नुसते बघत राहिले, जिंकलेला माणूस बघतो तसं नाही.

बिशप निघाले तेव्हा तात्या गाडीचं दार धरून म्हणाले, "सायेब, मला इंदापूरपोत्तर घेता का?"

इंदापूर! मी नीट ऐकलं. तात्यांनी नाव घेतलं.

सेक्रेटरी या नात्यानं मीही गाडीत घुसलो. काटेवाडी आली तशी तात्या म्हणाले, "हितंच झाली खुर्ची." इंदापूरच्या अलीकडं त्यांनी गाडी दफनभूमीपाशी थांबवायला सांगितली. फाटकावरचा म्हातारा उठला आणि म्हणाला, "तात्या, आज एसटी सोडून मोटारीनं? आन रविवारचं कसं काय? तुमचा वार तर गुरुवार."

तेव्हा मला कळलं, तात्यांना तिकडं काय काम असतं.

काकूंच्या कबरीवर धूळ नव्हती. तात्या वाकले आणि शेजारणीशी बोलावं तसं मोठ्यांदा बोलले, "अगं, हे बघ. बिशप. आधी बारामतीला आले, मग हितं. खुर्चीत बसले. मास्तर साक्षीला हायेत, इचार." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "मखमल न्हाय. पण बसले."

मी मान हलवली. कुणाला हलवली, देव जाणे. बिशपांनी पायातली पादत्राणं काढली आणि प्रार्थना केली. माझ्या घरी मीठ कमी पडलं तर बरणी पुढं सरकवतात, विषय संपतो. तात्या-काकूंचा मला हेवा वाटला, आणि तो पोटात नाही, वर कुठंतरी वाटला.

फाटकाशी बिशप हळूच म्हणाले, "तात्या, भिगवणचा रस्ता मोकळाच होता ना?"

"आसंल, सायेब."

"काही हरकत नाही. यापुढं मी दर वर्षी आधी बारामतीलाच येईन. शब्द देतो."

तात्यांनी घाबरून दोन्ही हात जोडले. "न्हाय, न्हाय सायेब. पुढच्या येळी आधी इंदापूरलाच या," ते म्हणाले. "न्हायतर ती माझ्याशी बोलायची न्हाय."