धाकूबुवांच्या गोळीला कौल

धाकू परब बुवा दवाखान्यातून बाहेर पडले ते छाती काढून. घशात पू झाला होता, अंगात ताप होता, आवाजाच्या नावाखाली नुसती करकर उरली होती. पण खिशात अँटिबायोटिकच्या गोळ्या होत्या आणि शनिवारी मुलुंडला डबलबारी होती. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोर सामना. गेल्या वर्षी बाळ मेस्त्री बुवांनी भर मंडपात त्यांची पार दाणादाण उडवली होती आणि यंदा त्याचं उट्टं काढायचं होतं. आजपासून गोळ्या सुरू केल्या तरच शनिवारी गळा चालेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रिक्षात बसता बसता बुवांनी बायकोला, म्हणजे विमलाबाईंना, खुणेनंच सांगून टाकलं की गोळीबिळीला आपण भीत नाही.

ही मर्दुमकी बोरिवलीतल्या त्यांच्या बिल्डिंगचा जिना चढेपर्यंत टिकली. घरात निधी होती. निधी ही बुवांची मुलगी. अंधेरीत एका कंपनीत नोकरी करते आणि मोबाईलवर तपासल्याशिवाय साधी भेंडीसुद्धा विकत घेत नाही. तिनं गोळीचं नाव मोबाईलमध्ये घातलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ. इथवर बुवा तग धरून होते. मग निधीनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"बाबा, क्वचित कुणाची जीभ काळी पडते म्हणे. आणि तिच्यावर केस आल्यासारखे दिसतात."

बुवा तडक आरशासमोर गेले. गोळी अजून पाकिटातच होती, तरी त्यांना जिभेच्या कडेला काळपट दिसू लागलं. डबलबारीत समोरच्या बुवाची गाण्यातून टर उडवायची मुभा असते. आलापासाठी तोंड उघडलंय, आत केसाळ जीभ आहे आणि समोर बाळ मेस्त्री पेटी घेऊन बसलाय, हे चित्र डोळ्यांपुढे येताच बुवांना घाम फुटला. त्यात जुलाबाचं काय? रात्रभर मांडी घालून बसायचं असतं तिथे.

डॉक्टरांनाच फोन करून विचारा, असं विमलाबाईंनी सुचवलं. बुवांना ते मुळीच पटलं नाही. ज्यानं गोळी दिली तो तिला नावं कशाला ठेवेल, असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. निवाडा तिऱ्हाइतानं करायला हवा.

"गावाक फोन लाव," बुवा घोगरले. "कौल घेऊया."

परबांच्या घरात कुठलीही मोठी गोष्ट कौलाशिवाय होत नसे. गावचा गुरव देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवाला प्रश्न घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बोरिवलीतली ही जागा कौलानं घेतली होती. निधीला कॉमर्सला घातलं तेही कौलानंच, आणि तो राग तिच्या मनात अजून आहे.

व्हिडिओ कॉल लागला. निधीनं गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरून गुरवांना दाखवलं. मार्तंड गुरवांनी फोन नारळाला टेकवून देवासमोर उभा केला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, तुज्या ह्या लेकराचो गळो बसलो हा. डॉक्टरान गोळी दिल्यान हा. ती घेवची काय नको, तेचो तू निवाडो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मायलेकी ओरडल्या. बुवांचे नुसतेच ओठ हलले.

पाकळी पडली. डावी पडली म्हणून बुवांनी खुशीत टाळी वाजवली. निधी म्हणाली, या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसतं. गुरव म्हणाले, उजवीच पडली, आणि देवाचा उजवा हात कुठला ते मुंबईकरांनी आपल्याला शिकवू नये. बुवा हट्टाला पेटले. फोन फिरवून पुन्हा कौल लावायचं ठरलं. गुरवांनी नव्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं आणि ते स्क्रीनवरून दिसेनासे झाले.

या वेळी पाकळी पडेना. तिघं हात जोडून उभी. गॅसवरचं दूध उतू गेलं, पण जागचं कोण हलणार? देव विचार करतोय, असं बुवांनी खुणेनं सांगितलं. प्रश्नच तसा अवघड होता.

विमलाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तो चटकन मागे घेतला.

"देवाचा विचार होईपर्यंत ताप डोक्यात जाईल तुमच्या. ती डबलबारी गेली उडत. मला तुम्ही धड हवे आहात, कळलं?" बुवांनी मान खाली घातली.

तेवढ्यात गुरव हात पुसत स्क्रीनवर परतले. कुठे होतात म्हणून निधीनं विचारलं.

"परसाकडे गेललंय. गोळये चालू आसत मा. माजो पण गळो धरललो, हीच गोळी दिल्यानी."

बुवा फोनला जवळजवळ चिकटलेच. "कौल लावल्यात तेका?"

"गोळयेक कसलो कौल? डॉक्टरान सांगल्यान, गिळलंय. पोट जरा ढिला होता, पण आवाज ऐकलात मा माजो?"

"मग मघाशी का नाही सांगितलंत?" विमलाबाई कडाडल्या.

"माका खय कोणी इचारल्यान? तुमी देवाक इचारल्यात."

बुवांनी एका हातात गोळी घेतली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या धरला आणि तरीही ते घुटमळले.

"मार्तंडकाका," ते घोगरले, "जीभ दाखवा."

देवाकडे पाठ करून गुरवांनी लांबलचक जीभ बाहेर काढली. इकडे तीन डोकी फोनवर वाकली. जीभ चांगली गुलाबी होती. निधीनं ती मोठी करून पाहिली, केस एकही नव्हता. बुवांनी सुस्कारा सोडला आणि गोळी गिळली.

तेवढ्यात गुरवांच्या पाठीमागे पाकळी पडली. कुठली पडली ते मात्र कुणीच पाहिलं नाही.