बासष्ट किलो चारशे ग्रॅम

आमच्या कारखान्याच्या पेण येथील गोदामातून रोह्याजवळील धाटावच्या प्रयोगशाळेत दर सोमवारी काचेच्या शंभर बाटल्या येत, आणि त्यांपैकी सरासरी एकतीस फुटलेल्या असत. प्रयोगशाळेची प्रमुख या नात्याने मी पाच वर्षे ही नोंद ठेवली. सहाव्या वर्षी मी एका वाक्याची टिप्पणी लिहिली: ‘बाटल्यांच्या वाहतुकीचे कंत्राट देण्यापूर्वी गाडी व चालक यांच्या हाताळणीची चाचणी घ्यावी.’ त्या वाक्यातून एकही शब्द काढता येणार नाही, याचा मला अभिमान होता. त्यात भर घालता येईल, हे माझ्या लक्षात आले नाही.

खरेदी विभागाने शेरा मारला की चाचणी आकड्यांत मोजता आली पाहिजे. हिशेब विभागाने लिहिले की ती लवकर संपली पाहिजे. सुरक्षा विभागाने ती सुरक्षा सप्ताहात घेण्याची सूचना केली. शेवटी कागद प्रशासनप्रमुख हैबतराव यांच्याकडे गेला. ते नुकतेच लोणावळ्याहून तीन दिवसांचे व्यवस्थापन शिबिर करून आले होते. त्यांनी लाल शाईत एकच शब्द लिहिला: ऑटोक्रॉस.

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकचे शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एकेका गाडीने नागमोडी धावायचे, आणि जी सर्वांत कमी सेकंदांत बाहेर पडेल ती पहिली. शंकूला धक्का लागला तर दोन सेकंद वाढतात. पहिल्या येणाऱ्याला बाटल्यांचे तीन वर्षांचे, बारमाही कंत्राट मिळणार होते. त्यासाठी चौदा जणांची समिती नेमली गेली. मूळ प्रस्तावक म्हणून चौदावी मी.

पहिल्या बैठकीत मी विचारले, “धावताना गाडीत बाटल्या असतील ना?”

“मॅडम, बाटल्या फुटतील,” हैबतराव म्हणाले.

“तेच तर बघायचंय.”

“सुरक्षा सप्ताहात मैदानभर काचा? वर्तमानपत्रात काय छापून येईल? गाड्या रिकाम्या धावतील.”

ठराव एकमताने संमत झाला, असे इतिवृत्तात आहे. म्हणजे मीही मान हलवली असणार.

त्याच आठवड्यात मला पुंडलिकचा फोन आला. माझे माहेर पेणचे. पुंडलिक तिथल्या गणपतीच्या कारखान्यांतून मूर्ती पोचवणारा पिकअपवाला. आमच्या रोह्याच्या वसाहतीतले सगळे गणपती तोच आणतो. बारा वर्षांत त्याच्या गाडीत एकाही मूर्तीचे बोट मोडलेले नाही. पण मूर्तींचे काम चार महिन्यांचे. उरलेले आठ महिने गाडी खाडीकाठच्या त्याच्या घरापुढे उभी असते आणि तिच्या हौद्यात त्याची बायको जनी मिरच्या वाळवते.

“ताई, ते शंकूंचं काय हाय?” तो म्हणाला. “जिंकलो तर बारा महिने काम. जनी बोलते, नायतर गाडी इका आन कंपनीत लागा.”

समितीची सदस्य म्हणून मी त्याला मदत करणे योग्य नव्हते. त्या दिवशी तसे मी त्याला स्पष्ट सांगितले. रविवारी मी पेणला गेले तेव्हा माझ्या पिशवीत चाकांची हवा मोजण्याचे यंत्र, मोजपट्टी आणि शंकूंच्या शर्यतीसाठी गाडी कशी सजवावी यावरच्या एका पुस्तकाची एकशे दहा पाने होती. मी चाळीस पानांच्या टिपाही काढल्या होत्या. पदार्थविज्ञान कुणा एकाची बाजू घेत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

प्रथम मी गाडी वजनकाट्यावर एकेक चाक ठेवून चार वेळा तोलली. मग वजन कमी करायला घेतले. पेंढा, काथ्याच्या गाद्या, गोणपाटे, ताडपत्रीचा लोखंडी सांगाडा, स्टेपनी. डॅशबोर्डवरचा पितळी गणपतीही काढला. तो तीनशे ग्रॅम भरला.

“त्याला तरी ऱ्हाऊ द्या, ताई.”

“वजन म्हणजे वजन, पुंडलिक.”

एकूण बासष्ट किलो चारशे ग्रॅम निघाले. मी समाधानाने आकडा लिहिला. मग मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पाहिले. प्रत्येक बाजूचे दोन पाटे पुंडलिकने बऱ्याच वर्षांपूर्वी काढून टाकले होते, खड्ड्यात मूर्तीला हिसका बसू नये म्हणून. पुस्तकाच्या मते हा गुन्हा होता: मऊ गाडी वळणावर कलते. गॅरेजमध्ये जाऊन आम्ही चारही पाटे पुन्हा घातले. चाकांत हवा भरली. दारावर पांढऱ्या रंगात सात हा आकडा रंगवला, कारण नियमांत तसे होते. रंगवला जनीनेच. ती कारखान्यात मूर्तींना रंग देते, त्यामुळे सात फारच देखणा झाला.

मोडीत निघालेल्या एका मिठागराच्या सपाटीवर आम्ही शंकूंऐवजी रंगाचे रिकामे डबे मांडले. पहिल्याच वळणावर गाडीचे मागचे अंग उडाले आणि गाडी आली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली.

“सात डबे गेले,” जनी म्हणाली. “एक तुमच्या पायाशी हाय.”

कारण उघड होते. मागचा भाग आता फार हलका आणि फार ताठ झाला होता. मी चिखलावर बसून गणित केले. मागच्या चाकांच्या आसापासून चाळीस सेंटीमीटर पुढे वजन ठेवावे लागणार होते. किती? उत्तर आले बासष्ट किलो चारशे ग्रॅम.

मी ते तीनदा तपासले. उत्तर बदलले नाही.

“म्हंजी काढला तेवढाच परत टाकायचा?” पुंडलिकने विचारले.

“तेवढाच नाही, योग्य जागी.”

“पेंढा योग्य जागीच व्हता की.”

ह्या मुद्द्याला पुस्तकात उत्तर नव्हते. शिवाय नियमांनुसार गाडीत सुटा माल चालणार नव्हता. फक्त गाडीत पक्की बसवलेली वस्तू चालणार होती. तेव्हा जनीला आठवले की कारखान्याच्या माळ्यावर गेल्या वर्षीची एक न खपलेली मूर्ती आहे. प्लॅस्टरची, आतून पोकळ, पांढरी. रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही.

“आखणी नाय तर देव नाय,” जनी म्हणाली. “निस्तं प्लास्टर हाय. न्या खुशाल.”

मूर्ती तोलली. बासष्ट किलो सहाशे. मूर्तीच्या बैठकीखालचे प्लॅस्टर कानशीने घासून मी दोनशे ग्रॅम कमी केले. गोणपाटात गुंडाळून ती ठरल्या जागी बोल्टने आवळली. मग पुंडलिकने जी गाडी मारली! एकावन्न सेकंद, एकही डबा पडला नाही. “गो जने, बघितलास?” तो ओरडला. जनीने डोळे मिटले होते. मी घड्याळ थांबवले आणि आयुष्यात पहिल्यांदाच शिट्टी वाजवली. ती वाजली नाही, पण हेतू तोच होता.

सुरक्षा सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, धाटावच्या मोकळ्या भूखंडावर नऊ गाड्या उभ्या होत्या. सहाशे मीटरचा मार्ग, चाळीस शंकू. तपासणी पथकाने सात क्रमांकाच्या गाडीतले गोणपाट पाहून आक्षेप घेतला. गुंडाळलेली वस्तू उघडून दाखवणे आवश्यक होते. गोणपाट निघाले. पांढराशुभ्र गणपती उन्हात बसला होता.

समिती बाजूला जाऊन बसली. हा माल, की गाडीचा भाग? पंचवीस मिनिटांच्या चर्चेनंतर असे ठरले की प्रत्येक गाडीत पुढे एक गणपती असतोच आणि त्याला कोणी माल म्हणत नाही. आकाराची मर्यादा नियमांत नमूद नाही. सबब ही मूर्ती गाडीचा भाग समजावी. ठरावाचा मसुदा मी केला. चांगला झाला होता.

एवढ्यात लक्षात आले की उद्घाटनासाठी देवाची तसबीर आणायची राहिली आहे. हैबतरावांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हे काय, साक्षात इथेच आहेत!”

मी पुढे होऊन काही बोलणार, तोवर त्यांनी हातातला चहाचा भरलेला काचेचा ग्लास बशीसकट मूर्तीपुढे हौद्यात ठेवला, हळदकुंकू वाहिले आणि जास्वंदीचा हार घातला. नारळ फुटला. चौदा जणांनी, शंभरेक कामगारांनी आणि नऊ चालकांनी आरती म्हटली. पुंडलिक चपला काढून, हात जोडून उभा होता. आरती संपल्यावर तो माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

“ताई, मागं देव हाय.”

“मागे बासष्ट किलो चारशे ग्रॅम आहे.”

“काल व्हता. आता हार पडलाय.”

“आखणी नाही तर देव नाही, असं जनीच म्हणाली ना?”

“आरती झाली, ताई. मना नाय जमायचं.”

“पुंडलिक, बारा महिन्यांचं काम आहे.”

“व्हय,” तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

रोह्याचा टेम्पोवाला पोपट त्याच्या आधी धावला. अठ्ठेचाळीस सेकंद आणि नऊ शंकू. एक शंकू तर तो टेम्पोखाली अडकवून घरी घेऊन गेला. दंडासकट सहासष्ट सेकंद. टाळ्या थांबेनात.

मग क्रमांक सात. पुंडलिकने भाद्रपदात चालवतो तशी गाडी चालवली. प्रत्येक खळग्याआधी थांबला, तिरका उतरला. वळणावर तर गाडी वळते आहे की सूर्य सरकतो आहे, ते कळेना. मी ताठ केलेले पाटे त्याने एकदाही वाजू दिले नाहीत. कोणीतरी ओरडले, “अरे, विसर्जनाला चाललास काय?” सगळे हसले. मी हसले नाही. मी घड्याळाकडे पाहत होते. चार मिनिटे अकरा सेकंद. ताशी आठ पूर्णांक सहा किलोमीटर. शंकू शून्य.

गाडी थांबल्यावर हैबतरावांनी हौद्यातला आपला ग्लास उचलला. तो काठोकाठ होता. बशीत थेंब नव्हता. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

“एवढा वेळ लावला, की चहा गार झाला!”

त्या दिवशी त्या मैदानावर गाडीतून फिरलेली ती एकमेव काच होती. चौदा जणांनी ती पाहिली. त्यांत सहा वर्षे फुटक्या काचांची नोंद ठेवणारी, हाताळणीची चाचणी मागणारी आणि विज्ञानाची द्विपदवीधर अशी एक बाई होती. तक्ता तिच्याच हातात होता. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिले: ‘संथ. अपात्र.’ अक्षर सुवाच्य आहे. खाली सहीही आहे.

कंत्राट पोपटला गेले. पुंडलिकचा फोटो मात्र कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकला: हार घातलेला गणपती, दारावर देखणा सात, आणि वर मजकूर, ‘पेणचा रेसर’. तो पेणच्या सगळ्या कारखान्यांत फिरला. शर्यतीच्या गाडीत कोण मूर्ती चढवील? एकेका कारखानदाराने नम्रपणे दुसरी गाडी बघितली. बारा वर्षे न मोडलेली बोटे कुणाच्या स्मरणात राहिली नाहीत, कारण त्यांचा फोटो नव्हता. मी प्रत्येक कारखानदाराला वेग, काळ आणि अंतर मांडलेला आलेख पाठवला, की हा माणूस अत्यंत हळू चालवतो. एकाचे उत्तर आले: “ताई, मग शर्यतीत कशाला गेला?”

जूनमध्ये पुंडलिकने गाडी विकली. घेतली पोपटने; त्याचे काम वाढले होते. बाटल्याही आता वेळेच्या दीड तास आधी येऊ लागल्या. शंभरातल्या अठ्ठावन्न फुटलेल्या. काचा वेचायला प्रयोगशाळेत माणूस हवा, अशी एका वाक्याची टिप्पणी मी लिहिली. या वेळी तिच्यात कोणी भर घातली नाही. ती तशीच मंजूर झाली. पुंडलिक आता पहिल्या शिफ्टला जाड हातमोजे घालून माझ्या दारासमोर खोकी उघडतो. बारमाही काम आहे.

“जनीचा ऐकला आसता तर हितंच आलो आसतो,” तो एकदा म्हणाला. “गाडी सजवाचे कष्ट तरी वाचले आसते तुमचे.”

गणपतीच्या आठवड्यात समितीतल्या तेराही जणांनी त्याला एकेकटे गाठून मूर्ती आणून देण्याची गळ घातली. हैबतराव म्हणाले, “तुझ्याइतका सावकाश कोणी नेत नाही रे.” गाडी नाही म्हटल्यावर सगळ्यांना वाईट वाटले. मग सगळ्यांनी पोपटला सांगितले. मीही.

“हळू चालव हं,” मी पोपटला फोनवर म्हणाले.

“काळजी नको, ताई. किती मिनिटांत पायजे?”

पेण ते रोहा बावन्न मिनिटांत आमच्या घरची मूर्ती आली. दारावरचा सात अजून तसाच देखणा होता, आणि पाटे मी घातले तसेच ताठ. मूर्तीच्या हातातला मोदक तेवढा पेंढ्यात सापडला. तो मी प्रयोगशाळेतल्या डिंकाने चिकटवला. संध्याकाळी आरतीला सगळी समिती आली. मूर्ती किती वेळेवर आली, याचे सर्वांनी कौतुक केले. मोदक तिरका आहे, हे प्रसाद वाटायला उभ्या राहिलेल्या जनीखेरीज कोणाच्याही लक्षात आले नाही.

तुमच्या लक्षात आले असते, असे तुम्हाला वाटते. मग सांगा, पोपटची दंडासकट वेळ किती होती? आणि काठोकाठ भरलेला तो ग्लास कोणत्या गाडीत होता, हे आठवायला ती वेळ आठवण्यापेक्षा किती सेकंद जास्त लागले?